लुटुपुटूची मोजणी

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला अवघड शब्दांची भीती फारशी वाटत नाही. अवघड शब्द कोणत्या ना कोणत्या कोशात बसलेला असतो. तेथून त्याला हात धरून उठवून आणता येते. अडवतात ते सोपे शब्द. गेल्या वर्षी शाळेच्या वर्गात भूमिती शिकविण्यासाठी 'सिम्युलेशन गेम' कसे वापरावेत यासंबंधीचा एक इंग्रजी लेख आमच्या मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी माझ्याकडे आला. त्यातील आकृत्या, सूत्रे आणि शिक्षणशास्त्रीय परिभाषा मी दोन बैठकांत उरकली आणि शीर्षकापाशी चार दिवस अडून बसले. 'अनुकरणक्रीडा' म्हणावे, तर माकडाची आठवण होते. 'सदृशीकरण' म्हणावे, तर एखाद्या खात्याकडे तीन प्रतींत अर्ज करावा लागेल असे वाटते. 'प्रतिरूपखेळ' हा शब्द निर्दोष होता. पण तो ऐकून एखादे मूल हातातली भाकरी टाकून खेळायला धावत येईल, अशी माझी काही खात्री पटेना.

अखेर हाती आला तो 'लुटुपुटूचा खेळ'. कचेरीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना तो मुळीच रुचला नाही. "भूमितीसारख्या विषयाला हा शब्द शोभत नाही. लुटुपुटूचे म्हणजे खोटे," असे त्यांचे म्हणणे. मला ते तेव्हाही पटले नाही. भातुकलीत भात नसतो, चुरमुरे असतात हे खरे. पण पाहुण्यांना वाढण्यापूर्वी यजमानीण स्वतःच जेवू लागली की खेळ मोडतो. लुटुपुटूच्या लढाईत कोणी मरत नाही. पण एकदा मेलेला गडी उठून पुन्हा तलवार चालवू लागला, तर अंगणात केवढा गहजब होतो! म्हणजे खोटे असतात ते परिणाम. नियम अगदी खरे असतात; किंबहुना मोठ्यांच्या जगातील नियमांपेक्षा ते अधिक कसोशीने पाळले जातात. आणि भूमिती तरी दुसरे काय करते? ज्याला लांबी नाही, रुंदी नाही असा एक बिंदू आहे, असे समजा. जिला जाडी नाही अशी एक रेषा आहे, असे समजा. भातुकली मांडणारी मुलगी "आपण असं समजू या हं" असे म्हणते, तेव्हा ती युक्लिडाच्या फार जवळ जाऊन बसलेली असते.

या शब्दाचा निकाल लागण्यापूर्वीच, सप्टेंबर महिन्याच्या आरंभी, मला दुसऱ्या एका कामासाठी तंजावरला जावे लागले.

तंजावर हे मराठी माणसाला परगाव वाटत नाही आणि स्वगावही वाटत नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भोसल्यांची गादी स्थापिली. त्याच घराण्यातील सरफोजी राजे दुसरे हे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राज्य गेलेल्या राजाने काय करावे? बहुतेकांनी जे केले ते इतिहासाला ठाऊकच आहे. सरफोजींनी ग्रंथ जमविले, नकाशे आणि यंत्रे मागविली, शाळा काढल्या, छापखाना घातला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे बालपणीचे शिक्षण झाले होते. त्या शिक्षणाची गोडी त्यांना अखेरपर्यंत, म्हणजे १८३२ पर्यंत, सुटली नाही. इसापाच्या नीतिकथांचा 'बालबोध मुक्तावली' हा मराठी अनुवाद १८०६ साली येथेच छापून निघाला. पुण्यामुंबईत मुलांसाठी मराठी पुस्तक छापण्याची कल्पनाही कोणाच्या मनात आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

परंतु मला विशेष नवल वाटते ते सरफोजींच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकाचे. कुरवंजी हा दक्षिणेतील जुना लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरातून आलेली एक भटकी स्त्री नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते आणि त्या ओघात आपण हिंडलेल्या डोंगरनद्यांचे वर्णन करते. सरफोजींनी काय केले, तर ही स्त्री इंद्राणीपुढे आणून उभी केली आणि तिच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र, सगळे! गाणे तेच, ठेका तोच, वेषही तोच. फक्त डोंगराच्या जागी जग आले. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना लुटुपुटूचा शब्द खटकला. राजाला भूगोलासाठी सोंग आणताना काही खटकलेले दिसत नाही.

माझा मुक्काम एका मराठी घरी होता. या घराण्यांची मराठी कानाला गोड आणि क्षणभर बुचकळ्यात टाकणारी असते. घरात ती पिढ्यान्पिढ्या बोलली गेली आहे, पण लिहिणेवाचणे तमिळमधून. घरात आजीबाई, त्यांचा मुलगा, सून आणि नववीत शिकणारी नात. पहाटे आजीबाई दारापुढे सडा घालून कोलम काढीत. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी म्हणजे ठिपके रेघांनी जोडणे. येथील एका प्रकारात रेघ ठिपक्याला शिवतच नाही. ती त्याच्या कडेकडेने वळसे घेत, स्वतःलाच ओलांडीत, जेथून निघाली तेथे येऊन मिळते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या आकृत्यांच्या घडणीचा गणिती अभ्यास केला होता, हे मी वाचले होते. पण तो अभ्यास वाचणे वेगळे आणि आजीबाईंचा अंगठा व तर्जनी यांतून पीठ सुटताना पाहणे वेगळे. एके दिवशी रेघ शेवटी एक ठिपका बाजूला जाऊन पडली. आजीबाईंनी आकृती पुसली नाही. त्या पहिल्या वळशापाशी परत गेल्या आणि तेथून बोटाने रेघेचा माग काढीत निघाल्या. नात उंबऱ्यावर दात घाशीत उभी होती, तीच म्हणाली, "आजी, तिसरं वळण."

या मुलीला भूमिती येत नसे. हे तिने स्वतःच मला सांगितले, आणि सांगण्यात लाज नव्हती; उंची कमी असल्याचे सांगावे तसे सांगितले. "प्रमेय पाठ होतं, अक्का. पण आकृतीतली अक्षरं बदलली की सगळं जातं." पाठ केलेला त्रिकोण अ ब क असावा आणि परीक्षेत प फ ब यावा, हे संकट मला अपरिचित नव्हते. दहावीनंतर गणिताशी संबंध ठेवायचा नाही, हेही घरात ठरून गेले होते. आई म्हणाली, "नाही जमत, तर कशाला?" वडील गप्प होते. खेळात ज्याचे बाद होणे मोजत नाहीत त्या गड्याला आपण कच्चे लिंबू म्हणतो. वर्गात ही मुलगी कच्चे लिंबू झाली होती. कोणी तिला टाकून बोलत नव्हते, आणि कोणी तिला प्रश्नही विचारीत नव्हते.

तिच्या शाळेतील गणिताच्या बाईंना, मुले त्यांना 'टीचर' म्हणतात, माझ्या लेखाविषयी तिच्याकडूनच कळले. त्यांनी निरोप पाठविला: शुक्रवारी कवायतीचा तास मी मागून घेतला आहे, पाहायला या.

मैदानावर मुलांचे सहा गट केले होते. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी दिली होती. वर्ष १८०८, तुम्ही मोजणीदार आहात, समोरच्या खुणेपर्यंतचे अंतर सांगा, टेप फक्त एकदाच वापरता येईल, तोही ठरवून दिलेल्या वीस मीटरांच्या आधाररेषेवर. बाकीचे सारे कोन मोजून काढायचे. साहित्य म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटविलेला मोठा कोनमापक आणि त्याच्या मध्यावर टाचणीने बसविलेली, शहाळ्याचे पाणी प्यायला देतात तसली कागदी नळी. पुठ्ठ्याची शून्याची कड एका निशाणाकडे लावायची, नळीतून दुसरे निशाण पाहायचे आणि नळी दाखवील तो आकडा लिहायचा. आधाररेषेच्या दोन्ही टोकांचे कोन मिळाले की आलेखकागदावर दोन मीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात त्रिकोण काढायचा आणि पट्टीने मोजायचे. एक मोजणीदार, एक लेखनिक, एक गणक, एक निशाणवाला आणि एक दोर धरणारा. दोर धरायला डोके लागत नाही, म्हणून ते काम आमच्या मुलीकडे आले होते.

टीचरांची आणखी एक अट होती. तिसऱ्या खुणेपाशी जाऊन तेथील कोनही मोजायचा. "दोन कोनांवर त्रिकोण निघतो, मग तिसरा कशाला?" असे एका मुलाने विचारले. "सरकारचा हुकूम," असे उत्तर मिळाले. १८०८ च्या मोजणीदाराला ते पुरेसे असावे.

अर्ध्या तासाने आकडे येऊ लागले. एका गटाच्या तीन कोनांची बेरीज १७९ आली, एकाची १८१, एकाची बरोबर १८० (या गटाकडे टीचरांनी थोडे संशयाने पाहिले). आमच्या मुलीच्या गटाचे कोन होते ६२, ७२ आणि ५२. बेरीज १८६. पुन्हा मोजले, पुन्हा १८६.

मग जो वाद सुरू झाला तो मी टीचरांच्या कुजबुजत्या इंग्रजी भाषांतराच्या आधारे ऐकला, पण तेवढ्यानेही मजा कमी झाली नाही. एकाचे मत पडले की, १८० हे पुस्तकातल्या त्रिकोणाचे. मैदानावर एवढे चालायचेच. दुसऱ्याने विचारले, मग त्या शेजारच्या गटाचे मैदान निराळे आहे काय? तिसरा मुत्सद्दी होता; प्रत्येक कोनातून दोन दोन अंश वजा करून टाकू, असे त्याने सुचविले. "का दोनच?" याला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. लेखनिक मुलगी रडकुंडीला आली. ज्या विधानाची सिद्धता या पाचही मुलांनी परीक्षेत सहज लिहून टाकली असती, त्यावर आपला विश्वास आहे की नाही हे ठरविण्याची पाळी त्यांच्यावर बहुधा प्रथमच आली होती. प्रमेय खोटे, की यंत्र खोटे, की आपण खोटे?

दोर धरणारी मुलगी इतका वेळ दोर गुंडाळीत उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली की, जेथून सुरुवात केली तेथेच नळी लावून पाहू. शून्याची कड ज्या निशाणाकडे आहे, त्याच निशाणाकडे नळीही लावायची. गटाला ते खुळेपणाचे वाटले. तेथे शून्यच येणार! तिने नळी लावली. आकडा आला दोन.

नळी वाकडी होती. निशाणाकडे पाहणारे तिचे तोंड आणि आकडा दाखविणारे टोक एका रेषेत नव्हते, आणि म्हणून ती प्रत्येक वेळी दोन अंश अधिक सांगत होती. आता मुत्सद्द्याचे दोन अंश वजा करायला कारण मिळाले: ६०, ७० आणि ५०. पहिल्या आकड्यांवरून काढलेला झाडापर्यंतचा पल्ला साडेसव्वीस मीटरांच्या आसपास येत होता, तो साडेचोवीसवर आला. टीचरांनी तेव्हा कबूल केले की, नळी त्यांनीच मुद्दाम वाकवून डकविली होती. यावर वर्गाने जो निषेध केला त्याचे भाषांतर त्यांनी मला करून दिले नाही.

तिसरा कोन कशासाठी, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश, हे वाक्य इतकी वर्षे फळ्यावर नुसते बसून होते. त्या दिवशी ते पहारेकऱ्यासारखे कामाला लागले.

मग झाडाच्या सावलीत टीचरांनी १८०८ ची गोष्ट सांगितली. ती तंजावरचीच गोष्ट आहे, तरी त्या वर्गात ती कोणाला ठाऊक नव्हती. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपासून सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली आणि तिच्यावर एकापुढे एक त्रिकोण रचीत त्याने या देशाच्या मोजणीला आरंभ केला. पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेली ती महान त्रिकोणमितीय मोजणी हीच. कोन मोजण्यासाठी त्याच्यापाशी लंडनहून आणविलेला थिओडोलाइट होता; वजन सुमारे अर्धा टन, आडव्या वर्तुळाचा व्यास तीन फूट. डोंगराळ मुलखात हे यंत्र टेकडीवर चढविले की भागे. कावेरीच्या सपाट, नारळीपोफळींनी गच्च भरलेल्या खोऱ्यात टेकडी कोठून आणायची? तेथे उंच अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे देवळे. तंजावरच्या मोठ्या देवळावर ते धूड दोरांनी वर ओढले जात असता ताणदोर तुटला, पेटी भिंतीवर आदळली आणि ज्या वर्तुळावर साऱ्या मोजणीची मदार, तेच वाकडे झाले.

दुसरे यंत्र मागवायचे तर विलायतेहून यायला वर्ष गेले असते. लॅम्बटनने काय करावे? त्याने एका मोठ्या सपाट फळीवर हव्या त्या मापाचे अचूक वर्तुळ कोरून घेतले, तंबूत निवडक कारागिरांखेरीज कोणालाही येऊ दिले नाही, आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेली धातूची कड इंचाइंचाने ओढून त्या वर्तुळाला मिळविली. आऱ्या लाकडी हातोडीने ठोकून सरळ केल्या. सहा आठवडे लागले. पण वर्तुळ जवळजवळ पूर्ववत झाले आणि मोजणी पुढे चालू राहिली. पितळेचे वर्तुळ बिघडले तेव्हा ते दुरुस्त करायला आधार सापडला तो रेघेच्या वर्तुळाचा. हा लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, मोजणीच्या वाटेवरच, वारला. त्याची कबर तेथे आहे. विदर्भातल्या किती शाळांच्या सहली तिकडे जातात, कोण जाणे.

(एक गोष्ट टीचरांनी वर्गाला सांगितली नाही, मला सांगितली. लॅम्बटनचे त्रिकोण मोठे होते आणि पृथ्वी गोल. अशा त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० हून किंचित अधिकच यावी लागते. सुमारे दोनशे चौरस किलोमीटर क्षेत्रफळाला एक विकला, इतकी. "ते अकरावीत," त्या म्हणाल्या. "आज सांगितलं, तर पहिला मुलगा म्हणेल, बघा, मी म्हणत होतो!")

परतताना मी टीचरांना माझी शंका विचारली. मैदानावर १८० आले म्हणून मुलांचा प्रमेयावर विश्वास बसला, तर ती भूमिती झाली का? ती तर मोजणी झाली. त्यांनी नाही म्हटले नाही. मोजून १८० जवळपास येते; सिद्ध केले तर १८०च येते; आणि या दोहोंमधले अंतर सोमवारी फळ्यावरच चालायचे आहे, शिरोबिंदूतून समांतर रेषा काढून. "पण सोमवारी त्यांना ते हवं असेल," त्या म्हणाल्या.

हॉलंडमधील व्हॅन हीले या शिक्षक दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. त्यांत मला, माझ्या धंद्यामुळे असेल, एकच गोष्ट विशेष आवडते. प्रत्येक पायरीची भाषा वेगळी असते, असे ते म्हणतात. वरच्या पायरीवरचा शिक्षक आणि खालच्या पायरीवरचे मूल एकच शब्द उच्चारतात आणि दोघांना एकमेकांचे काही कळत नाही. म्हणजे वर्गात दोन भाषा चालू आहेत आणि दुभाष्या कोणीच नाही. खेळाने ही उणीव सगळी भरून निघते असे मी म्हणणार नाही. पण "बेरीज १८०" हे शब्द त्या मुलांच्या आणि टीचरांच्या भाषेत शुक्रवारी दुपारी बराच वेळ एकाच अर्थाने वावरत होते, एवढे मी पाहिले.

ज्या इंग्रजी लेखापासून हे सारे निघाले त्यात अर्थातच संगणकावरील खेळांचा भरणा होता. ते मला त्याज्य वाटत नाहीत. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ च्या सुमारास लोगो ही मुलांसाठी संगणकाची भाषा रचली. पुढे तिच्यात हुकमाप्रमाणे रेघ ओढीत चालणारे कासव आले. पेपर्ट मुलांना आधी सांगत की, तुम्हीच कासव व्हा आणि चालून पाहा. आज जिओजेब्रासारख्या साधनावर त्रिकोणाचा कोपरा बोटाने ओढला की तो हवा तसा ताणला जातो आणि कोनांची बेरीज ढळत नाही. फळ्यावर हे कधीही दाखविता आले नसते. मात्र त्या त्रिकोणाची बेरीज १८६ कधीच येत नाही. तेथे नळी वाकडी नसते, वारा नसतो, दोर धरून कंटाळलेली मुलगी नसते. जे चुकूच शकत नाही त्याच्याशी भांडता येत नाही. आणि त्या दिवशीची सगळी भूमिती भांडणातून निघाली होती. ज्या शाळेत संगणकांची खोली आहे तिने ती उघडावी. पण मैदानाला कुलूप लावू नये, इतकेच माझे म्हणणे.

रविवारी सकाळी टीचर हौशी मुलांना घेऊन मोठ्या देवळात गेल्या. पंधरा येतील असे वाटले होते, बावीस आली. आमची मुलगी आजीबाईंना घेऊन आली. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले हे बृहदीश्वराचे देऊळ. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसल्यांचा लांबलचक मराठी वंशेतिहास आहे, तो आजीबाई मला दाखवीत होत्या. मुलांचे लक्ष विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखराकडे होते. त्याची उंची किती? एका पुस्तकात सुमारे साठ मीटर आहे, दुसऱ्यात २१६ फूट, म्हणजे सहासष्ट मीटर. दोन्ही पुस्तके टीचरांनी आणली होती. आज आपण तिसरे पुस्तक, असे त्यांनी जाहीर केले.

रीत जुनी आहे. एक मीटरची काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, विमानाची सावली मोजायची. समरूप त्रिकोण बाकीचे सांगतात. सप्टेंबरच्या त्या दिवसांत दहाच्या सुमारास तंजावरला ऊन जवळजवळ नेमके पूर्वेकडून येते, त्यामुळे सावली सरळ पश्चिमेच्या फरसावर पडली होती. काठीची सावली सत्तर सेंटिमीटर. मुलांनी टेप विमानाच्या पश्चिम भिंतीला लावला आणि सावलीच्या टोकापर्यंत नेला: सत्तावीस मीटर. एका मुलाने भागाकार केला. विमान साडेअडतीस मीटर उंच!

क्षणभर सगळे गप्प. मग कोणी तरी म्हणाले की, काठीला जाडी नाही, देवळाला आहे. सावली मोजायची ती शिखराच्या नेमक्या खालच्या बिंदूपासून; आणि तो बिंदू गाभाऱ्यात, शिवलिंगापाशी. तेथे टेप घेऊन कोण जाऊ देणार? "जायला नको," आमची मुलगी म्हणाली. विमानाचा पाया चौरस आहे. त्याची एक बाजू बाहेरून मोजता येते. ती सुमारे तीस मीटर भरली. निम्मे पंधरा. सत्तावीस आणि पंधरा बेचाळीस. बेचाळीस भागिले शून्य पूर्णांक सात. साठ.

यावर टाळ्या पडल्या असत्या, पण दुसऱ्या गटाचे उत्तर अठ्ठावन्न आले होते आणि तिसऱ्याचे त्रेसष्ट. कळसाच्या सावलीची कड हातभर पुसट होती, तिचे टोक नक्की कोठे मानायचे यावर तिघांचे एकमत नव्हते. शिवाय काठीच्या सावलीत एका सेंटिमीटरची चूक म्हणजे विमानाच्या उंचीत जवळजवळ एका मीटरची, हे मुत्सद्द्याने हिशेब करून दाखविले. काठी ओळंब्यात होती का, हेही कोणी पाहिले नव्हते. आमच्या मुलीचा आग्रह होता की, तासाभराने पुन्हा मोजावे. तोवर सावली आखूड होईल, आकडे सगळे बदलतील, आणि तरी उत्तर तेच आले तर मानू. टीचरांनी घड्याळाकडे पाहिले आणि आजीबाईंकडे पाहिले. आजीबाईंनी दहीभाताचा डबा उघडला.

फरस चांगलाच तापला होता आणि पाय अनवाणी, म्हणून सगळी मुले सरकत सरकत विमानाच्या सावलीत जाऊन बसली. तेवढ्यात एक वाटाड्या प्रवाशांचा मोठा घोळका घेऊन तेथे आला आणि शिखराकडे हात करून त्यांना सांगू लागला की, या विमानाची सावली कधीही जमिनीवर पडत नाही, हेच या देवळाचे आश्चर्य. सावलीत बसलेली बावीस मुले दहीभात खाता खाता थांबून त्याच्याकडे पाहू लागली. त्यांतल्या एकाने टेपचे टोक उचलले. पण टीचरांनी डोळ्यांनीच त्याला खाली बसविले.